पुण्याच्या आसपास गोड्या पाण्यात स्कुबा : जागा कशी निवडायची?

घाटवाट:
स्कुबाचं ओपन वॉटर प्रमाणपत्र घेतलं आणि मग लक्षात आलं की आपण पुण्यात राहतो. समुद्र गाठायचा तर तारकर्ली नाहीतर गोवा, नेत्राणी त्याहून लांब, आणि पावसाळ्यात सगळंच बंद. सराव सुटला की पाण्यात स्थिर तरंगायचं कसब आधी जातं, हे प्रशिक्षकांनी बजावून सांगितलंय.

बरं, पुण्याभोवती पाण्याला तोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर. वाघोलीकडे बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, आणि एका मित्राच्या शेतात भली मोठी विहीर. परदेशात लोक तळ्यांत आणि खाणींत सर्रास डाइव्ह करतात. आपल्याकडे कोणी केलंय का? जागा निवडताना काय बघायचं? मासे-प्रवाळ नसले तरी चालेल, दहा-बारा मीटर खोली आणि आपलाच हात आपल्याला दिसेल इतकं पाणी पुरे. "वेड लागलंय का" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून बाकी सगळे द्यावेत.

नाममात्र:
संगमावर उतर. दृश्यमानता बारा महिने एकसारखी. शून्य.

कासवगती:
वाचतेय. मलाही हाच प्रश्न पडला होता, पण विचारायची लाज वाटली.

शेवंड:
पावसात हय येवन करतलस काय? दर्या खवळलेलो आसता, बोटी वर काढलेल्यो आसतत. ऑक्टोबर उजाडूंदे, मगे ये.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कुबा केंद्रात आठ मीटर खोल टाकी आहे, प्रशिक्षणासाठीच बांधलेली. सराव एवढाच हेतू असेल तर असली टाकी धरणापेक्षा शंभर पटीने बरी. पाणी गोडंच की ते!

घाटवाट:
@शेवंड, पण टाकीसाठी पुन्हा तारकर्लीच गाठायची ना? पुण्यातले पोहण्याचे तलाव चार-साडेचार फुटांचे. एक-दोन ठिकाणी उडी मारायचा खोल भाग आहे, पण तिथे सिलिंडर आत नेऊ देत नाहीत.

लेस्टरवासी:
इथे लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह आहे, इंग्लंडमधली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध डाइव्हची खाण. ग्रॅनाइटची खाण होती. काम थांबलं, पंप बंद झाले आणि झऱ्याच्या पाण्याने ती भरली. दगड टप्प्याटप्प्याने काढल्यामुळे आत पायऱ्यांसारखे कट्टे आहेत. पहिला सुमारे ७ मीटरवर, दुसरा २२ च्या आसपास, आणि सगळ्यात खोल भाग ३५ पर्यंत. नवशिके पहिल्या कट्ट्यावर गुडघे टेकून सराव करतात आणि पुढे पाण्याचा रंग गडद होताना बघत बसतात. स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट २००० साली मुद्दाम आत बुडवली, लोकांना बघायला काहीतरी हवं म्हणून. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं. एवढ्या थंडीत रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारं यंत्र) गोठून हवा धो धो सुटू शकते, त्यामुळे उपकरणंही थंड पाण्याची लागतात. माझ्यासारख्या कोल्हापुरी माणसाने ड्राय सूटवर किती पौंड घातले ते आईला अजून सांगितलेलं नाही.

पण याची दुसरी बाजूही ऐक. तिथे आत जायला उतार केलाय, हवा भरायची सोय आहे, किनाऱ्यावर मदतीला माणसं असतात, खोलीचे नकाशे छापलेले आहेत. तिकीट आपण त्याचं काढतो. नुसतं पाण्याने भरलेलं भोक म्हटलं तर इंग्लंडमध्ये शेकडो आहेत, आणि त्यांच्या कुंपणावर 'आत येऊ नये' असंच लिहिलेलं असतं.

ओहायोची आत्या:
आमच्याकडे गिल्बोआ नावाची चुनखडीची खाण आहे, चाळीसेक मीटर खोल. पाण्याखाली शाळेची बस आणि विमान ठेवलंय. आमचे हे हौसेने बस बघायला उतरले आणि वर येऊन म्हणाले, "सीट आपल्या एसटीपेक्षा बऱ्या होत्या."

चुनखडीच्या खाणींत पाणी बऱ्याचदा नितळ असतं. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियममुळे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. आपल्याकडे काळा बेसाल्ट आणि वरून वाहून येणारी काळी माती. ती माती इतकी बारीक की एकदा ढवळली की दिवसचे दिवस तरंगत राहते. तेव्हा इकडचे फोटो बघून तिकडच्या खाणीत जाऊ नका, बाळांनो.

रांगडा सातारी:
आमच्या गावात पोरं सहा वर्षांची झाली की पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात. पाच परस विहीर, फेब्रुवारीत तळातला दगड न् दगड दिसतो. कसली प्रमाणपत्रं न् कसल्या परवानग्या? घाटवाट, तू ये साताऱ्याला, आपली विहीर मोकळी आहे. वर बाजेवर बसून भाकरी-पिठलं खाऊ.

जलपर्णी:
सातारीदादा, पिठल्याला येईनच. विहिरीबद्दल मात्र आधी ऐकून घ्या.

पोरं पोहतात ती स्वतःच्या छातीत भरलेल्या श्वासावर. खाली गेली की तो श्वास दाबला जातो, वर आली की होता तेवढा होतो. स्कुबावाला खालच्या दाबाची हवा खाली असतानाच घेतो. घाबरून श्वास रोखून वर आला तर ती छातीत फुगते. दीड-दोन मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे विहीर तीच, पण दोघांचे धोके वेगळे. पट्टीचा पोहणारा या बाबतीत नवशिक्याच असतो.

दुसरं म्हणजे मोटर. विहिरीत पंप असेल आणि केबल कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. तुम्ही म्हणाल, मोटर बंद करू. पण शेतावर ऑटो लावलेला असतो ना? लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते, आणि थ्री फेज कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक.

तिसरं, बाहेर यायचं कसं? बांधीव विहिरीला पायऱ्या असतील तर ठीक. नुसते दगडी टोणे बाहेर आलेले असतील तर पाठीवर पंधरा किलोचा सिलिंडर घेऊन चढून बघा. बेशुद्ध माणसाला वर काढायचं तर मग विचारूच नका.

रांगडा सातारी:
ऑटोचं डोक्यात नव्हतं राव. किटकॅट फ्यूज काढून खिशात घालून उतरलो तर?

नाममात्र:
खिसा कोरडा ठेवा म्हणजे झालं.

जलपर्णी:
किटकॅट काढा, मेन स्विच पाडा, आणि वर एक माणूस बसवा ज्याचं काम फक्त त्या पेटीपाशी बसणं. भाकरी खाणं हे त्याचं काम नाही. :)

पाटकरी:
पाटबंधाऱ्यात सगळी नोकरी झाली, म्हणून धरणांबद्दल लिहितो. घाटवाट, तुझ्या यादीतल्या एकाही धरणात मनाने उतरू नकोस. जलाशय ज्याच्या ताब्यात त्याची लेखी परवानगी लागते. बहुतेक ठिकाणी तो जलसंपदा विभाग, मुळशीला टाटा पॉवर. खडकवासल्याला तर काठावर एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी आहे. तिथे काळे सूट घालून पाण्यातून डोकी वर काढलीस तर पुढचा मुक्काम आम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळेल.

कायदा बाजूला ठेवला तरी भिंतीजवळचं पाणी फसवं असतं. विमोचकाचं (धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं) दार उघडं असेल तर पृष्ठभागावर तरंगसुद्धा उठत नाही. हिशेब साधा आहे. दार पाण्याखाली दहा मीटरवर आणि पलीकडे हवा असेल, तर एक मीटर लांबी-रुंदीच्या भोकावर सुमारे दहा टन जोर येतो. एकदा माणूस त्या तोंडाला चिकटला की वरून ओढून निघत नाही. आधी दार बंद करून दोन्हीकडचा दाब सारखा करावा लागतो. विभागाचं दुरुस्तीचं काम असलं की पाणबुडे उतरायच्या आधी दारं बंद केल्याचं लेखी घेतात, ते उगाच नाही.

भिंतीपासून लांब गेलास तर जाळी. जलाशय मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. नायलॉनची एकपदरी जाळी स्वच्छ पाण्यातही दिसत नाही, गढूळ पाण्यात तर गळ्यात पडल्यावरच कळते. फाटलेली जाळी कोणी काढत नाही, ती तिथेच बाभळीच्या खुंटांना अडकून राहतात.

शंकेखोर:
आणि मगरी?

पाटकरी:
सांगली-भिलवडीकडे कृष्णेत आहेत, मुंबईत पवई तलावात आहेत. तिकडे जायचं तर डाइव्ह कॉम्प्युटरबरोबर मृत्युपत्रही न्या. पुण्याच्या वरच्या धरणांत मी तरी मगरीपेक्षा जाळ्याला जास्त भ्यायचो.

सांगेकर:
धागा धरणांवर आलाच आहे तर आमच्या गोव्यातलं सांगतो. साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, रस्ते, विहिरी वर येतात, आणि विस्थापित लोक तिथे जमतात. दरवर्षी कोणीतरी विचारतो, पाणी भरलेलं असताना डाइव्ह करून गाव बघता येईल का? अरे, मे महिन्यात चालत जाऊन बघ की! दक्षिण गोव्याच्या पिण्याचं पाणी आहे ते.

कासवगती:
उजनीतलं पळसनाथाचं देऊळही असंच ना? पाणी खूप उतरलं की वर येतं. पाण्याखाली शिखर समोर आलं तर कसं वाटेल!

उंबरठा:
माझ्या पणजोबांची जमीन मुळशीच्या पाण्याखाली आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर जे मावळे उभे राहिले त्यांच्यातली आमची माणसं. त्या पाण्यात कोणी मौजेसाठी उतरावं का, यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत. माझी आत्या म्हणते, कोणीतरी खाली जाऊन चूल अजून आहे का ते बघून यावं. वडील म्हणतात, नको. मी अजून कोणाच्याच बाजूने नाही. पण उतरणाऱ्याने आधी काठावरच्या वाडीत जाऊन विचारावं, एवढं तरी करावं.

नाममात्र:
@उंबरठा, इथे विनोद सुचत नाहीये. लिहिलंत ते बरं केलंत.

घाटवाट:
धरणं बाद. विहीर पंपामुळे जवळजवळ बाद. राहिली खाण. एका ओळखीच्यांच्या मालकीची जुनी खाण आहे, त्यांची हरकत नाही. वरून पाणी हिरवट दिसतं. किती खोल, किती स्वच्छ, हे न उतरता कसं कळणार?

जलपर्णी:
पांढरी थाळी घे. स्टीलची नको, चकाकते. चिनी मातीची किंवा मेलामाइनची, वीसेक सेंटिमीटरची. तिला वजन बांध, दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मार आणि सावलीच्या बाजूने खाली सोड. दिसेनाशी झाली की गाठी मोज. सरोवरांचा अभ्यास करणारे हेच करतात, त्यांच्या थाळीला सेकी डिस्क म्हणतात. दीड मीटरच्या आत थाळी गायब झाली तर सामान गाडीतून काढूच नकोस. जोडीदार हरवण्याइतकं ते पाणी गढूळ आहे. खोलीसाठी तीच दोरी, नुसतं शिसं बांधून, सात-आठ ठिकाणी.

वेळही महत्त्वाची. पावसानंतर गाळ बसायला महिने जातात, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. उन्हाळ्यात शेवाळ वाढतं. खोल साचलेल्या पाण्यात वरचा गरम थर आणि खालचा थंड थर वेगळे होतात, आणि खालच्या थरात प्राणवायू संपून सडक्या अंड्याचा वास येतो. खाणीत जनावरं धुतात का, कचरा टाकतात का, तेही विचार. लेप्टो आणि कानाची दुखणी यायला समुद्रच लागतो असं नाही.

पाटकरी:
जलपर्णीताईंचं थाळीचं पटलं. त्यात माझी भर. उतरायचं जानेवारीत, पण खाण बघायची मे महिन्यात.

लेस्टरवासीच्या खाणीत वर्षभर पाणी जवळजवळ एकाच पातळीला असणार. आपल्याकडे मे अखेरीस पाणी निम्म्यावर येतं, लहान खाणी तर तळ दाखवतात. जानेवारीत जे पाण्याखाली असेल ते मे महिन्यात डोळ्यांनी बघता येतं. कुठे छिद्रं पाडायच्या मशिनच्या सळया राहिल्यात, कुठे वायररोप, कुठे कड पोखरलेली आहे, बाहेर यायचा उतार कोणत्या बाजूला आहे. फोटो काढ, कागदावर नकाशा कर. सुट्या दगडांची कड असेल तर तिच्याखाली जायचंच नाही, पाण्यातही नाही आणि काठानेही नाही.

लेस्टरवासी:
पाटकरीकाका, हे भारी आहे. आम्हाला असा रिकामा तळ बघायला मिळत नाही. नकाशे विकत घ्यावे लागतात.

खोडरबर:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

शंकेखोर:
पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. डाइव्हचे तक्ते, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे, ३०० मीटरच्या वर जसेच्या तसे वापरायचे नसतात ना?

जलपर्णी:
शंकेखोर, या वेळी शंका रास्त आहे. पुण्यात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी. म्हणजे १८ मीटरची डाइव्ह तक्त्यात ढोबळमानाने १९ मीटरची धरावी लागते. दहा-बारा मीटरवर थोडा वेळ थांबून येणाऱ्याला फरक लहान, पण कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतो की हाताने लावावी लागते, हे आधी पुस्तिकेत बघ.

उलटा प्रकार जास्त काळजीचा आहे, आणि तो आपली माणसं हमखास करतात. रविवारी तारकर्लीला शेवटची डाइव्ह आणि त्याच संध्याकाळी आंबोली चढून घरी. आंबोली ६०० मीटरच्या वर आहे. विमानप्रवासासाठी 'डॅन' ही डाइव्हरांच्या सुरक्षिततेचं काम करणारी संस्था जे सांगते, म्हणजे एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८, ते २००० फुटांपासून पुढच्या उंचीला धरूनच आहे. घाट चढणंही त्यातच येतं.

शेवंड:
हां, ह्या खरा. आम्ही सांगतो, रात्री ऱ्हवा, सकाळी जावा. तर म्हणतात सोमवारी ऑफिस आसा.

घाटवाट:
ताई, वजनाचं काय? समुद्रात लावतो तेवढंच शिसं लावायचं?

जलपर्णी:
नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तू आणि तुझं सगळं सामान मिळून शंभर किलो धरलं तर गोड्या पाण्यात दोन ते अडीच किलो शिसं कमी लागेल. समुद्राचा पट्टा तसाच बांधून खाणीत उतरलास तर थेट तळाच्या चिखलात जाशील, आणि मग जोडीदाराला काहीच दिसणार नाही. काठाजवळ, उभं राहता येईल तिथे आधी तपासून घे.

रांगडा सातारी:
हवा कुठे भरणार हे कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे पंक्चरवाला भरून देईल म्हणतो.

ओहायोची आत्या:
अगं बाई!

जलपर्णी:
पंक्चरवाल्याचा दाब टायरपुरता असतो, स्कुबाच्या सिलिंडरला २०० बार लागतात. आणि साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. जमिनीवर ज्याने नुसतं डोकं दुखेल ते खोलवर, वाढलेल्या दाबात, बेशुद्ध करू शकतं. श्वसनासाठीची हवा भरणाऱ्या केंद्रातूनच सिलिंडर भरून आणायचे. जागा ठरवताना हेही मोजा: हवा कुठून आणणार, आणि काही झालं तर प्राणवायूची बाटली कोणाकडे आहे. दाबकक्ष (डाइव्हमुळे झालेल्या त्रासावर वाढीव दाबात उपचार करायची खोली) मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनीत आहे. पुण्यात हायपरबॅरिक उपचार करणारी रुग्णालयं आहेत, पण ती डाइव्हचा रुग्ण घेतात का, रात्री चालू असतात का, हे आधी फोन करून विचारून ठेवायचं.

नाममात्र:
एवढं सगळं करण्यापेक्षा बाथटब स्वस्त पडेल.

कासवगती:
नाममात्र, पुण्यात बाथटबला जागा असती तर हा धागा निघालाच नसता.

घाटवाट:
मूळ प्रश्नावर येतो. खाणीच्या मालकांशी बोललो. मे महिन्यात बघायला या म्हणाले, लेखी द्यायलाही तयार आहेत. जानेवारीत उतरायचं की नाही ते मे महिन्यात तळ बघून ठरवणार. पावसाळ्यापुरतं एका जुन्या क्लबच्या पोहण्याच्या तलावाशी बोलणं चाललंय. चार मीटरचा खोल भाग आहे, सकाळी पोहणारे निघून गेल्यावर तासभर देऊ म्हणतात. चार मीटरमध्ये तरंगण्याचा सराव होईल का?

जलपर्णी:
दहा मीटरपेक्षा चांगला होईल. हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्याने बदलतं ते पृष्ठभागालगतच्या मीटरांत, त्यामुळे चार मीटरवर स्थिर राहणं बारा मीटरपेक्षा अवघड. तिथे जमलं की खाली जमतं. सिलिंडर ठेवायला जाड रबरी चटई ने, फरशी फुटली तर क्लब पुन्हा दारात उभं करणार नाही.

पाटकरी:
मे महिन्यात मला कळव. गुडघे ठीक असले तर येतो. खाणीत दुपारी अकरानंतर उभं राहवत नाही, सकाळी सातला निघायचं.

रांगडा सातारी:
मी पण येणार. भाकरी-पिठलं मी आणतो, आणि या वेळी पेटीपाशी बसणारा माणूस लागणार नाही.

कासवगती:
मलाही धरा. क्लबच्या तलावासाठी घाटवाटला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.